बघण्याचे पैसे

मे महिन्याचा पहिला रविवार. नीटच्या परीक्षेचा दिवस. भाचीचे सेंटर लातूरला आले होते. दुपारी दीड वाजता गेट बंद होते आणि त्यानंतर कुणाच्या रडण्याचा उपयोग होत नाही, हे लातूरच्या आसपासच्या प्रत्येक घराला पाठ झालेले आहे. भाईजान आणि मी देवणीहून निघालो, उदगीरला आपाच्या घरून भाचीला घेतले आणि नळेगावच्या रस्त्याला लागलो. पावणेअकरा वाजले होते. वेळ भरपूर होता.

नळेगाव येईपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा पंधरा-वीस मिनिटे थांबलो, सेल्फ मारला, सुरू झाली. नळेगाव ओलांडल्यावर तिसऱ्यांदा बंद पडली ती पडलीच. भाईजान बोनेट उघडून नुसते बघत उभे राहिले. भाची मागच्या सीटवर हॉल तिकिटाची पिशवी छातीशी धरून बसली होती. ती एक शब्द बोलली नाही, हेच मला जास्त लागले.

शेवटी एका लग्नाच्या वऱ्हाडाच्या क्रूझरला हात केला. आत मुंगीला जागा नव्हती. एका मावशींनी नातवाला मांडीवर ओढून घेतले आणि म्हणाल्या, "ये गं पोरी, बस." मी मागच्या शिडीवर उभा राहून गेलो. एक वाजून पाच मिनिटांनी भाची गेटच्या आत होती.

हे सगळे भाग्याने निभावले. पण त्या शिडीवर उभा असताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. या गाडीवर दोन महिन्यांत आम्ही ४२,२०० रुपये खर्च केले होते. आणि गाडी का बंद पडते हे आम्हाला अजून माहीत नव्हते.

गाडी २०११ सालची, टर्बो डिझेल, एमएच-२४. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. भाईजाननी ती सात वर्षांपूर्वी जुनी घेतली. पुढच्या वर्षी तिला १५ वर्षे होतील, म्हणजे आरटीओत पुन्हा नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर हे सगळे आले. त्यामुळे घरात आधीच दोन पक्ष होते. अब्बा म्हणत, भंगारात द्या. भाईजान म्हणत, इंजिन चांगले आहे, अजून पाच वर्षे चालेल. आमच्यासारख्या घरात गाडी ही हौस नसते. दवाखाना, शाळेचे ॲडमिशन, मय्यत, लग्न, बाजार, सगळे तिच्यावर. दुसरी घेण्याची ऐपत नाही आणि हिच्यावर भरवसा नाही, अशी अवस्था होती.

मार्चमध्ये पहिल्यांदा बंद पडली तेव्हा एका गॅरेजला नेली. पिकअपही कमी झाला होता. त्यांनी स्कॅनर लावला. कोड आला पी ०२९९. पोरगा म्हणाला, "टर्बो गेला." टर्बो हा शब्द ऐकला की आपल्याकडच्या माणसाचा चेहरा पडतो. हार्ट म्हटल्यावर पडतो तसा. भाईजाननी काही विचारले नाही. टर्बो उतरला, बाहेरगावी जाऊन रिकंडिशन होऊन आला, १९,५०० रुपये. गाडी तिसऱ्या दिवशी बंद पडली.

दुसऱ्या गॅरेजात पी ००८७ आला. म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी. मग पंप आणि नोझल काढून कॅलिब्रेशनला पाठवले, १४,००० रुपये. तरीही बंद पडते म्हटल्यावर रेलचा सेन्सर बदलला, ३,२००. मग कुणीतरी म्हणाले बॅटरी डाउन असेल. बॅटरी ५,५००. बॅटरी खरोखर जुनी होती, ते पैसे वाया गेले असे म्हणत नाही. पण बंद पडण्याशी तिचा संबंध नव्हता.

या दोन्ही गॅरेजवाल्यांनी आम्हाला फसवले असे मला वाटत नाही. हा लेख त्यांच्याविरुद्ध नाही. खरे तर तो आमच्याच विरुद्ध आहे.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून उदगीरला एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. लोक त्यांना चाचा म्हणतात. पन्नासेक वर्षांपूर्वी जीप आणि ॲम्बेसेडरवर हात बसलेला. त्यांच्या सोबत त्यांचा पुतण्या असतो, आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेला. आमची बोलणी दखनीत झाली, मी मराठीत लिहितो आहे.

चाचांनी बोनेट उघडलेच नाही. चहा मागवला आणि भाईजानना विचारले, "बंद पडते म्हणजे कशी पडते? बटण दाबून लाइट गेल्यासारखी, की आचके देत देत?"

भाईजान म्हणाले, "बंद पडते म्हणजे पडते."

"बंद पडल्यावर सेल्फ मारता तेव्हा आरपीएमचा काटा जागचा हलतो का?"

माहीत नाही.

"टाकीत तेव्हा किती डिझेल असते? चढावर पडते की सिग्नलला उभी असताना? थांबून थंड करता तेव्हा बोनेट उघडता की नुसते उभे राहिले तरी चालू होते?"

एकाही प्रश्नाचे धड उत्तर आमच्याकडे नव्हते. दोन महिने गाडी आमच्यासमोर बंद पडत होती आणि आम्ही फक्त वैतागत होतो. चाचा म्हणाले, "घेऊन जा. चार-पाच दिवस जवळच्या जवळ फिरवा. बंद पडेल तेव्हा वहीत लिहा. मग या."

भाईजान गाडीत बसताना पुटपुटले, "मिस्त्री ते आहेत की आपण?"

या प्रश्नांमागे काय होते ते मला नंतर पुतण्याने समजावून सांगितले. ते इथे सविस्तर लिहितो, कारण जुनी टर्बो डिझेल गाडी आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात आहे.

डिझेल इंजिनला चालू राहायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. हवा, योग्य दाबाचे डिझेल, आणि ते नेमके कोणत्या क्षणी सोडायचे याची खबर. टर्बोचे काम पहिल्या गोष्टीत भर घालण्याचे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटे चाक फिरते. मिनिटाला लाख-दीड लाख फेरे सहज. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात हवा कोंबते. १९०५ साली आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने याचे पेटंट घेतले होते. पण टर्बो थकला म्हणून गाडी सहसा बंद पडत नाही. ती मरगळते. चढ चढत नाही, काळा धूर सोडते, टर्बोचे सील गेले असेल तर ऑइल पिते आणि निळा धूर येतो. पूर्वीच्या डिझेल ॲम्बेसेडरला टर्बो नव्हताच, तरी ती जन्मभर चालली. म्हणजे "बंद पडते" या तक्रारीवर टर्बो हा पहिला संशयित नसून बराच शेवटचा आहे.

मग पी ०२९९ का आला? तो कोड एवढेच सांगतो की इंजिनच्या कॉम्प्युटरने जेवढा हवेचा दाब मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे तो सांगत नाही. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर असतो, त्याला जाड रबरी होज असतात. होज फाटला, क्लिप ढिली झाली, व्हॅक्यूमची बारीक नळी चिरली, एअर फिल्टर चोंदला, तरी हाच कोड येणार. पुतण्याने होजच्या खालच्या बाजूने हात फिरवला, बोटाला ऑइलचा ओशटपणा लागला. मग थोडी हवा भरून साबणाचे पाणी मारले. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तेव्हा येतात तसे बुडबुडे आले. होज खालून फाटलेला होता. किंमत ८५० रुपये. टर्बो खोलून परत बसवणाऱ्यांच्या नजरेतून तो सुटला, कारण वरून तो एकदम नव्यासारखा दिसत होता.

पिकअपचा प्रश्न असा सुटला. बंद पडण्याचा प्रश्न वेगळा होता. एका गाडीत दोन आजार असू शकतात, हे आम्ही धरलेच नव्हते. डॉक्टरकडे गेल्यावर बीपी आणि शुगर दोन्ही निघाले तर आपण चकित होत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपल्याला एकच उत्तर हवे असते.

आता वहीकडे येतो. भाईजाननी कुरकुरत का होईना, लिहिले. त्यांचे अक्षर शाळेत असल्यापासून सुंदर आहे. पाच दिवसांत पाच नोंदी. पाचही वेळा आधी आचके, मग बंद. पाचही वेळा सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत होता. चार वेळा गाडी वेगात किंवा चढावर होती, उभी असताना एकदाही नाही. चार वेळा टाकी पाव किंवा त्याहून कमी. थांबायचा वेळ बारा ते वीस मिनिटे. एकदा रात्री गारवा असतानाही बंद पडली.

ही पाच ओळींची वही ४२,२०० रुपयांपेक्षा जास्त बोलकी निघाली. गाडी बटण दाबल्यासारखी बंद पडली असती आणि काटा शून्यावर मेला असता, तर संशय क्रँक सेन्सरवर गेला असता. हा सेन्सर इंजिन कुठपर्यंत फिरले याची खबर कॉम्प्युटरला देतो. जुना झाला की गरम झाल्यावर त्याच्या आतली तार तुटल्यासारखी होते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. त्याचीही गाडी पंधरा मिनिटांनी चालू होते. म्हणजे "थांबून चालू होते" या एका लक्षणावर दोन अगदी वेगळे आजार बसतात. त्यांना वेगळे करतो तो काटा आणि तो आचका. आमचा काटा जिवंत होता. म्हणजे सेन्सर खबर देत होता. आचके म्हणजे डिझेल कमी पडत होते. उभी असताना बंद पडत नव्हती, कारण उभ्या गाडीला डिझेल फार लागत नाही.

कॉमन रेल इंजिनात दाब किती असतो याची आपल्याला कल्पना नसते. टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार असते. रेलमध्ये डिझेलचा दाब गाडी उभी असतानाच २५० ते ३०० बार असतो आणि जोरात असताना हजार-दीड हजारांच्या घरात जातो. एवढा दाब तयार करणाऱ्या पंपाला मागून डिझेल पुरले नाही तर पंप बिचारा काय करणार? पी ००८७ खरा होता, दाब खरोखर पडत होता. पण चूक पंपाची नव्हती. नळाला पाणी कमी येते म्हणून तोटी बदलण्यासारखा प्रकार आमच्याकडून झाला होता. विहिरीपर्यंत कुणी गेलेच नाही.

चाचा विहिरीकडून निघाले. आमच्या गाडीत टाकीत विजेचा पंप नाही, वरचा पंपच डिझेल ओढून घेतो. फिल्टरजवळ रबराचा हातपंप असतो, एअर काढायचा. गाडी बंद पडल्या पडल्या चाचांनी तो दाबून सोडला. तो चपटाच राहिला. फुगून यायला वेळ लागला. म्हणजे टाकीकडून डिझेल येताना कुठेतरी अडते आहे. मग त्यांनी पाच लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनजवळ घट्ट बांधला, फिल्टरकडे येणारी नळी आणि परत जाणारी नळी दोन्ही कॅनमध्ये सोडल्या आणि टाकीला पूर्ण बाजूला काढले. (हे घरी करू नका. गरम इंजिनजवळ डिझेलचा कॅन हे माहीतगाराचेच काम आहे.) फिल्टरच्या पुढे थोडी पारदर्शक नळी लावली, एअर येते का ते डोळ्यांनी दिसावे म्हणून. उदगीर ते देवणी आणि परत, पुतण्या मांडीवर लॅपटॉप घेऊन. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब असे दोन आकडे पडद्यावर शेजारी शेजारी पळत होते. आधीच्या दिवशी टाकीवर चालवताना मिळालेला आकडा चढावर घसरत जाताना त्याने पाहिला होता. कॅनवर दोन्ही आकडे जोडीने चालले. गाडी बंद पडली नाही.

टाकी उतरवली. तळाशी काळपट चिकट गाळ आणि बाटलीच्या झाकणाखाली असते तसल्या चंदेरी पातळ सीलचा एक तुकडा. आधीच्या कोण्या मालकाने टाकीत कसलेसे औषध ओतताना तो पडला असणार. डिझेलची ओढ वाढली की तो तुकडा आणि गाळ जाळीला जाऊन चिकटायचा. गाडी थांबली की पंधरा मिनिटांत सुटून खाली बसायचा. रुपयाएवढा तुकडा. त्याच्यासाठी आम्ही टर्बो खोलला, पंप खोलला आणि एका मुलीचे वर्ष पणाला लावले.

टाकी धुतली, जाळी साफ केली, फिल्टर नवा टाकला ११०० रुपयांचा, होज ८५० चा. मग भाईजाननी मजुरी विचारली. दोन दिवसांचे काम होते. चाचा म्हणाले, "सहाशे द्या."

भाईजान म्हणाले, "चाचा, टाकीच तर धुतली. पाचशे घ्या."

आणि चाचांनी पाचशे घेतले.

मी तिथे उभा होतो आणि गप्प बसलो. ते आता लिहून भरून काढतो आहे असे कुणाला वाटले तर वाटो.

हिशेब बघा. ज्यांना आजार सापडला नाही त्यांना आम्ही ४२,२०० दिले, एका शब्दाने न विचारता. ज्यांना सापडला त्यांच्याशी शंभर रुपयांवरून घासाघीस केली. कारण पहिल्या वेळी आमच्या हातात वस्तू आली होती. चकचकीत टर्बो, डब्यातला सेन्सर, वॉरंटी कार्डाची बॅटरी. वस्तूचे पैसे आपण देतो. डोके चालवल्याचे देत नाही. "नुसते बघितलेस, त्याचे कसले पैसे?" हे वाक्य मी देवणीत, उदगीरमध्ये, लातूरच्या गॅरेज लाइनीत शेकडो वेळा ऐकले आहे. माझ्या तोंडूनही निघाले असेल.

या वाक्याचा परिणाम काय होतो? मिस्त्रीची कमाई पार्टवरच्या कमिशनवर आणि पार्ट बसवण्याच्या मजुरीवर ठरते. तीन तास शोधून वीस रुपयांची क्लिप ढिली आहे असे ज्याने शोधले, त्याच्या पदरात वीस रुपयांच्या क्लिपची मजुरी. शोधायच्या फंदात न पडता ज्याने टर्बो बदलला त्याची दिवाळी, ईद सगळे झाले. असा धंदा चालवणारा माणूस शोधण्यात वेळ का घालवेल? त्याने अंदाजाने पार्ट बदलावेत याची सोय आपणच करून ठेवली आहे. वर पुन्हा "मिस्त्री लोक लुटतात" म्हणायला मोकळे.

भाईजानचा यावर एक प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. बघण्याचे पैसे दिले आणि काहीच सापडले नाही तर? माझे म्हणणे, रक्त तपासले आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर आपण लॅबवाल्याकडे पैसे परत मागतो का? काय नाही हे कळायलाही किंमत पडते. पण मग मिस्त्रीनेही लॅबसारखे वागायला हवे. काय तपासले, कशाने तपासले, आकडा काय आला, हे कागदावर द्यावे. "टर्बो गेला" म्हणणाऱ्याला "कशावरून?" असे विचारायचा हक्क पैसे दिल्यावरच येतो. आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात परत यायला हवा. या बाबतीत आमचे गॅरेजवाले काही संत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

गंमत म्हणजे पूर्वी आपल्याकडे बघण्याचे पैसे देत असत. देवणी म्हणजे बैलांचे गाव. देवणी जात साऱ्या देशात माहीत आहे, तिच्यातले पांढरे बालंक्या, चेहऱ्याच्या कडेला काळे असलेले वानेरा, अंगावर काळे ठिपके असलेले शेवरा हे प्रकार इथली पोरेसुद्धा ओळखतात. माझे आजोबा बाजारात बैल घ्यायला जायचे तेव्हा एका जाणकाराला सोबत नेत. तो दात बघायचा, खूर उचलायचा, बैल दहा पावले चालवून मागून बघायचा आणि पुष्कळदा म्हणायचा, "नको." त्या दिवशी बैल घेतला नाही तरी आजोबा त्याला जेवू घालत आणि हातावर काहीतरी ठेवत. "नको" या शब्दाचे पैसे. त्याने बैल विकून दिला म्हणून नाही, बैल बघितला म्हणून. बैल गेले, ट्रॅक्टर-मोटारी आल्या आणि ही समज कुठे गेली कोण जाणे.

माझ्या समाजाच्या वाचकांना हे जरा जास्त लागावे असे मला वाटते. लातूर, उदगीर, नांदेड, कुठल्याही गॅरेज लाइनीत जा. रेडिएटर, डेंटिंग-पेंटिंग, कुशन, टायर, वायरिंग, पाट्यांवरची निम्मी नावे आपली. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मुस्लिम कामगार जास्त असलेल्या धंद्यांमध्ये मोटार दुरुस्ती आहे. बारा-तेरा वर्षांचा पोरगा शाळा सोडून येतो, डिझेलने पार्ट धुतो, पाने ओळखायला शिकतो, उस्तादच्या शिव्या खातो आणि दहा वर्षांत मिस्त्री होतो. त्याच्या हाताची मी नेहमी तारीफ ऐकतो. "कानाने आवाज ऐकून सांगतो," वगैरे. मला या तारिफेचा आता कंटाळा आला आहे. चाचांनी कानाने काही सांगितले नाही. त्यांनी प्रश्न विचारले, वही लिहायला लावली, कॅन बांधला. आणि त्यांच्या पुतण्याचा लॅपटॉप नसता, इंग्रजीतले मॅन्युअल त्याला वाचता आले नसते, तर दाबाचे ते दोन आकडे कुणी बघितले असते? नुसत्या कानावर आजची गाडी दुरुस्त होत नाही. आपल्या पोरांना मल्टिमीटर धरता आला पाहिजे, मॅन्युअलचे पान लावता आले पाहिजे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स आहे. दहावी करून तिकडे गेलेला मुलगा आणि सातवीतून थेट गॅरेजात गेलेला मुलगा, दोघांचे हात सारखेच काळे होतात. पण पी ००८७ समोर आला की दोघे वेगळ्या रस्त्याने जातात.

यात कंपन्यांचाही वाटा आहे. बाहेरच्या गॅरेजांना ओरिजिनल पार्ट, मॅन्युअल आणि तपासणीची यंत्रे मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने "राइट टू रिपेअर" नावाचे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही विभाग आहे. पण वरून माहिती खुली झाली तरी ती वाचायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देणार नसेल तर चाचांचा पुतण्याही दोन वर्षांत टर्बो बदलायला लागेल. त्याला लग्न करायचे आहे.

पुतण्याची इच्छा आहे की गॅरेजवर पाटी लावावी: "तपासणी ३०० रु. काम इथे केल्यास मजुरीत वजा." चाचा आठ दिवस नाही म्हणाले. "देखने का क्या पैसा," असे ते स्वतःच म्हणतात. पन्नास वर्षे गिऱ्हाइकांनी ऐकवलेले वाक्य त्यांनाही खरे वाटायला लागले आहे. शेवटी पाटी लागली. पहिल्या दिवशी दोन गिऱ्हाइके ती वाचून शेजारच्या गॅरेजात गेली. चाचांनी पाटी काढायला सांगितली. पुतण्याने काढली नाही. तिसऱ्या दिवशी एक ऑटोवाला आला, पाटीखाली उभा राहून बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "तीनशेत नुसते बघणार? बरं, बघा. पण नीट बघा."

भाईजान त्या शंभर रुपयांबद्दल माझ्याशी अजून बोललेले नाहीत. पण गेल्या जुम्म्याला ते उदगीरला गेले, कारण सांगितले नाही, आणि येताना चाचांच्या दुकानासमोरच्या हॉटेलातले भजे घेऊन आले. वही अजून गाडीच्या कप्प्यात आहे. परवा काही शोधताना उघडली तर शेवटची नोंद त्यांच्याच अक्षरात होती: "नळेगावच्या पुढे, चढ, वेग ८०, पाव टाकी, एसी चालू. बंद पडली नाही."